ग्रीसमधल्या झाकिंथॉस बेटावर काय बघावं? समुद्री कासवं खरंच दिसतात का?

तुम्ही जुलैच्या शेवटी मुलीला घेऊन पाच दिवस जाताय आणि तिला कासवं बघायचीच आहेत म्हणताय, तर आधी कासवांचंच सांगते. आम्ही साधारण त्याच दिवसांत गेलो होतो आणि पहिल्याच दिवशी 'कासव दाखवतो' म्हणणाऱ्या एका बोटीत बसलो. कासव दिसलं, पण एकट्या कासवाभोवती चार बोटी, सगळे एका बाजूला झुकून मोबाईल धरून उभे, आणि ते बिचारं श्वास घ्यायला वर आलं की लगेच परत खाली. कासवाला कल्ले नसतात हो, हवेसाठी त्याला वर यावंच लागतं, आणि त्यात ती मादी अंडी घालायला आलेली असेल तर अजूनच हाल. मला फार वाईट वाटलं, त्या बोटीत मी परत बसणार नाही.

त्यापेक्षा सकाळी लवकर गेराकास बीचवर जा. गेराकास ज्यात येतो त्या लागानास बेचे (उपसागराचे) किनारे ही लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांची भूमध्य समुद्रातली फार मोठी विणीची जागा आहे, म्हणूनच १९९९ मध्ये तिथे नॅशनल मरीन पार्क केलं. सूर्यास्त ते सूर्योदय बीच बंद असतो, त्यामुळे सकाळी लवकर गेलात तर रात्री वर येऊन गेलेल्या मादीचे माग वाळूत दिसू शकतात, ट्रॅक्टर गेल्यासारखे रुंद पट्टे. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, ती वाळूच्या उबेवर साधारण दोन महिन्यांत फुटतात आणि वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निपजतात. घरटी मागच्या कोरड्या वाळूत असतात म्हणून चटई, छत्री पाण्याजवळच्या ओल्या पट्ट्यातच लावा आणि मुलीला मागच्या बाजूला खणू देऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतेय.

बाकी फिरण्यात उत्तरेकडच्या ब्लू केव्ह्ज नक्की करा, आयिओस निकोलाओसवरून छोट्या बोटी जातात, सकाळच्या उन्हात आतलं पाणी इतकं निळं दिसतं की हात बुडवला तर हातही निळा. नावायो म्हणजे फोटोत दिसणारा तो गंजक्या जहाजाचा बीच, १९८० मध्ये पानागिओतिस नावाचं जहाज तिथे अडकलं. दरडी कोसळतात म्हणून खाली उतरायला बंदी केलीय, तेव्हा निघण्याआधी तिथली ताजी परिस्थिती विचारून घ्या, त्याच्यासाठी अख्खा दिवस ठेवू नका. झाकिंथॉस टाउन १९५३ च्या भूकंपात जवळजवळ सगळं पडलं आणि नंतर परत बांधलं, संध्याकाळी वर बोहालीच्या टेकडीवर जाऊन बसा, पूर्ण बंदर दिसतं. बसेस कमी आहेत, गाडी घेतलीत तर बरं.

आणि एक, पिल्लं समुद्रात जाताना बघायची आशा मुलीला लावू नका, ती बहुतेक रात्री बाहेर पडतात आणि तेव्हा बीचवर कोणालाच जाऊ देत नाहीत. तिथे घरटी शक्यतो जागच्या जागीच राखतात. आपल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मात्र अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, हलवून जपतात आणि पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ सगळ्यांसमोर सोडतात, तिथली कासवं ऑलिव्ह रिडले, लॉगरहेडपेक्षा बरीच लहान. भारतात येणं होत असेल तर मार्च-एप्रिलमध्ये तिला तिकडे घेऊन जा, आमच्या पोराने पहिलं पिल्लू तिथेच बघितलं.