‘गाठीच्या तापात गेली’: प्लेगचं मराठी नाव

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचकाने विचारलं आहे: “पणजी गाठीच्या तापात गेली असं आमच्या घरात सांगतात. पुस्तकात प्लेग वाचला, कोरोनात महामारी ऐकलं. तिन्ही एकच का? आणि ‘प्लेगचं निर्मूलन झालं’ हे वाक्य बरोबर आहे का?”

गाठीचा ताप म्हणजे प्लेगच. पण प्रत्येक प्लेग गाठीचा नसतो, आणि हा फरक जिवावरचा आहे.

आपल्याकडे रोगांना नावं पडली ती बरेचदा दिसणाऱ्या लक्षणांवरून. डांग्या खोकला घ्या, किंवा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची मानमोडी. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग उतरला आणि पुढच्या काही वर्षांत मध्य प्रांताच्या राजधानीत, म्हणजे आपल्या नागपुरात पोचला. लोकांना दिसली ती जांघेत किंवा काखेत आलेली गाठ आणि अंगात भडकलेला ताप. नाव तिथेच तयार झालं. लिहित्या मंडळींनी ‘ग्रंथिक सन्निपात’ हा भारदस्त शब्द वापरला, पण तो बोलण्यात रुजला नाही.

गाठ जांघेतच का, याचं उत्तर दुसऱ्या एका घरगुती शब्दात आहे. पायाला जखम झाली की जांघेत जी सूज येते तिला आपण ‘अवधान आलं’ म्हणतो. रस्ता तोच. पिसू पायाला चावते, जंतू लसवाहिनीतून, म्हणजे शरीरातला लस नावाचा द्रव वाहणाऱ्या नळीतून, वर सरकतात आणि वाटेतल्या पहिल्या मोठ्या लसग्रंथीत मुक्काम करतात. अवधान जखमेबरोबर उतरतं. प्लेगच्या गाठीवर उपचार झाले नाहीत तर १०० पैकी ३० ते ६० माणसं दगावतात. जुन्या बायकांनी या दोन सुजांना दोन वेगळी नावं दिली, याचं मला फार मोल वाटतं.

तसाच मोलाचा प्रयोग ‘उंदीर पडणे’. घरात उंदीर पडले की बिऱ्हाड हलवायचं, गावाबाहेर झोपड्या घालून राहायचं, ही रीत अनुभवातून आली. मेलेल्या उंदराचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या पिसवा नवं ऊबदार अंग शोधतात, आणि ते माणसाचंही असू शकतं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ साली पिसवेचा हा भाग प्रयोगाने दाखवला, तरी शास्त्रज्ञांना ते पटायला काही वर्षं गेली.

आता ‘तापात गेली’ यातली सप्तमी पाहा. एरवी माणूस तापाने जातो, विषाने जातो. पण पुरात, दुष्काळात आणि प्लेगात जातो. म्हणजे प्लेग हा नुसता आजार न राहता एक काळ झाला, ज्याच्या आत माणसं नाहीशी झाली. डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांचे आई आणि वडील इथे नागपुरातच १९०२ च्या प्लेगात एकाच दिवशी गेले. ‘प्लेगने’ लिहिलं तर चूक नाही, पण ‘प्लेगात’ म्हटलं की ते वर्षही सोबत येतं. तुमच्या पणजीचं वाक्य घरात जसं बोलतात तसंच राहू द्या.

‘महामारी’ मात्र वेगळी. हा शब्द संस्कृत, देवीमाहात्म्यात येणारा. गढवाल-कुमाऊंकडे एकोणिसाव्या शतकात खुद्द प्लेगला महामारी म्हणत. आपल्या मराठीत एका विशिष्ट रोगाचं नाव म्हणून तो नको. पसरलेल्या रोगाला आपल्याकडे ‘साथ’ हा चांगला शब्द आहे, आणि साथ जगभर गेली तर ‘महासाथ’. उर्दूतला ‘ताऊन’ मोमिनपुऱ्यात कुणी वापरला, तर तो मात्र थेट प्लेगच.

राहिलं निर्मूलन. ते देवी या रोगाचं झालं: भारतात शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये, आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. देवीचा विषाणू फक्त माणसात राहायचा, म्हणून ते जमलं. प्लेगचा जंतू रानातल्या उंदीरवर्गीय प्राण्यांत टिकून असतो, तिथे लस घेऊन कोण जाणार! १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग आला आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा. २००२ साली शिमला जिल्ह्यात पुन्हा फुफ्फुसाचाच. २०१७ मध्ये मादागास्करात दोन हजारांहून जास्त रुग्ण झाले, त्यातले बहुतेक याच प्रकारचे. फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये गाठ नसली तरी चालते. ताप, खोकला, थुंकीत रक्त, आणि तो खोकल्याच्या तुषारांतून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. प्रतिजैविकं लवकर मिळाली तर रोगी वाचतो, उशीर झाला तर जवळपास नक्की जातो. तिसरा, रक्तात पसरणारा प्रकार, त्यातही गाठ दिसेलच असं नाही. म्हणून आरोग्याविषयी लिहिताना ‘गाठीचा ताप’ पुरत नाही. तिथे ‘प्लेग’च लिहावं आणि प्रकार सांगावा.

तुमच्या वाक्यात ‘निर्मूलन झालं’ काढून ‘प्लेग आटोक्यात आहे’ असं लिहा. ‘प्लेगाची साथ’ की ‘प्लेगची साथ’, असा प्रश्नही पाठोपाठ येईल. जुन्या लेखनात प्लेगाची, आज बहुतेक जण प्लेगची लिहितात. दोन्ही चालतील, एका लेखात एकच ठेवा.