जुन्या डिझेल स्विफ्टचं अ‍ॅव्हरेज: सुरुवात इथून करा

जुनी डिझेल स्विफ्ट घेतलीत आणि अ‍ॅव्हरेज कसं सुधारायचं असं विचारलंत, तर आधी गाडीबद्दल अभिनंदन! 1.3 लिटरचं हे मूळ फियाटचं इंजिन काटक आहे, काळजी घेतली तर अजूनही छान अ‍ॅव्हरेज देतं. आधी नीट मोजा. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पहिल्या ऑटो-कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवरून निष्कर्ष नको.

गॅरेज गाठण्याआधी एवढंच बघा:

- हवा: टायर गार असताना, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. "मऊ चालते" म्हणून कमी ठेवू नका.
- एअर फिल्टर: काळा पडला असेल तर सरळ बदला.
- ब्रेक: गाडी थांबवल्यावर प्रत्येक रिमजवळ हात न्या (लावू नका, भाजेल). एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाही. जुन्या गाड्यांत हे फार सापडतं, आणि लोक इंजेक्टरला (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) दोष देत बसतात.

टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) 2000 आरपीएमच्या आसपास जोर धरतो. त्याच्या बरंच खाली, पाचव्या गिअरमध्ये घुसमटवत चालवून डिझेल वाचत नाही. उतारावर न्यूट्रल तर अजिबात नको! गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचं इंजेक्शन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरतं डिझेल जळतच राहतं. शिवाय खंबाटकीसारख्या घाटात सगळा भार ब्रेकवर येतो.

अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्या, रिमॅपिंग (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) वगैरे सध्या विसरा. तीन टाक्यांचे आकडे आले की सांगा, मग ईजीआरकडे (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) वळू.