वाचकांचे सवाल: डेथ मेटलमधे युद्ध आणायचं कसं?

प्रश्न: दादा, आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीतली चौघं पोरं, डेथ मेटल वाजवतो, म्हणजे जड गिटार आणि गुरगुरत्या आवाजाचं रॉक. युद्धाच्या भयाणपणावर सलग कॉन्सेप्ट अल्बम (सगळी गाणी एकाच विषयावर) काढायचाय, रिफ (गिटारचे परत परत येणारे तुकडे) लई भारी जमलेत पण लिहायला बसलं की रक्त, मुंडकी, आतडी याच्या पुढं गाडीच जात नाही. त्यात गिटारवाल्याचे आजोबा फौजेतून रिटायर झालेले, ते म्हणतात तुम्ही जवानांची थट्टा चालवलीय. आणि मराठीत ग्रोल केलं, म्हणजे गुरगुरत गायलं, तर शब्द कळतील का?

उत्तर: भावा, मुंडकी येतात कारण तुम्ही अजून युद्ध कुठलं तेच ठरवलेलं नाही. हॉलंडच्या हेल ऑफ बुलेट्स या बँडचा 2008 चा 'ऑफ फ्रॉस्ट अँड वॉर' अल्बम ऐका, त्यात फक्त दुसऱ्या महायुद्धातली पूर्व आघाडी आहे, रशियावरच्या हल्ल्यापासून थेट बर्लिनपर्यंत. जर्मनीच्या कानोनेनफीबरनं तर 2021 च्या अल्बमला पहिल्या महायुद्धातली पत्रं, कागदपत्रं आधाराला घेतली.

तुम्हाला इतकं लांब जायचीपण गरज नाही राव. कुतचा वेढा घ्या. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, आजच्या इराकमधे टायग्रिस नदीच्या एका वळणावर इंग्रजांची सहावी पूना डिव्हिजन अडकली, त्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. बाहेर तुर्की सैन्य, आत रेशन रोज कमी होतंय, शेवटी घोडे कापायला लागले आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी धर्मापायी ते मांस खाल्लं नाही, मग अशक्तपणा, स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाअभावी होणारा आजार). सोडवायला आलेल्या फौजेची हजारो माणसं पडली पण वेढा काही फुटला नाही, 29 एप्रिलला शरणागती, आणि त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात कितीतरी वाटेतच गेले. आता सांगा, यात आतडी कुठं लागतात?

म्हणून सगळी गाणी ब्लास्ट बीटवर, म्हणजे ड्रमच्या सुसाट माऱ्यावर, पळवू नका. उपाशी माणूस पळत नाही. इंग्लंडचे बोल्ट थ्रोअर बँडवाले आयुष्यभर युद्धावरच वाजवत राहिले आणि त्यांची खरी ताकद मध्यम लयीतल्या जड रिफमधे होती. वेढ्याचा भाग गिटार खाली ट्यून करून रेंगाळत वाजवा, डबल बास (दोन्ही पायांनी वाजवायचा बास ड्रम) फक्त हल्ल्यांना ठेवा, आणि वाळवंटातलं गाणं एकाच रिफवर कंटाळा येईपर्यंत ओढा, मला तरी तेच आवडेल.

आजोबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यात गल्लोगल्ली फौजी घरं आहेत, सैनिक टाकळी तर नावातच सैनिक घेऊन बसलंय. आपल्याला पोवाड्याची सवय, त्यात पडलेला गडी वीर असतो, तुमच्या गाण्यात तो भुकेला असणार, त्यामुळं खटकणारच. कागदावरचे शब्द त्यांना आधी वाचायला द्या, गाणं नंतर ऐकवा. आणि कव्हरवर कवट्या नकोत, त्या बघूनच ते कागद बाजूला ठेवतील.

ग्रोलचं म्हणाल तर इंग्रजीतपण कुणाला शब्द कळतात ओ? मराठीतच करा, पण ओळी आखूड ठेवा, जोडाक्षरं कमी, लांब आ आणि ओ जास्त. सोबत लिरिक्स छापा. घसा दुखायला लागला की थांबायचं, दुखतंय म्हणजे आवाज चुकीच्या जागेवरनं काढताय.