लक्षवेधीतला मासा

साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं आहे. त्यांच्या शिक्षक मतदारसंघाच्या, म्हणजे विधान परिषदेतल्या, आमदारांचा सहा वर्षांचा कार्य-अहवाल घरी आला. गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो. एका पानावर मथळा 'लक्षवेध्या', उलटून बघावं तर पुढच्या पानावर 'लक्ष्यवेधी सूचना'. बाईंनी आयुष्यभर वह्या तपासल्या, त्यांना कसं राहवणार? त्यांचे प्रश्न दोन. लक्षवेधी बरोबर की लक्ष्यवेधी? आणि 'लक्षवेध्या' असं अनेकवचन होतं का?

सांगतो. पण आधी माझी तक्रार.

अधिवेशन सुरू झालं की वाहिनीवरचा निवेदक रोज संध्याकाळी म्हणतो, 'अमुक आमदारांनी आज लक्षवेधी प्रश्न उपस्थित केला.' अहो, प्रश्न वेगळा, लक्षवेधी वेगळी. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं असतं, त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी मिळतं आणि प्रकरण तिथेच संपतं. तारा म्हणजे यादीत प्रश्नाशेजारी काढलेली चांदणी, एवढंच. पंचतारांकित हॉटेलाशी तिचा संबंध नाही, पण कार्य-अहवालांत 'तारांकित' हा शब्द ज्या ऐटीत छापलेला असतो ती बघता आमदारांचाही तसा समज असावा. लक्षवेधी ही सूचना असते. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्याचं लक्ष वेधायचं, मंत्र्याने त्यावर निवेदन करायचं, मग सदस्याने खुलासे मागायचे. विधान परिषदेत ती नियम १०१ खाली येते, विधानसभेत १०५ खाली. आणि हेही सांगून टाकतो: विधान परिषदेला अध्यक्ष नसतो, सभापती असतात. अध्यक्ष विधानसभेचे. दिल्लीतही वरच्या सभागृहाचे सभापती आणि खालच्याचे अध्यक्ष. रोज चुकतात, रोज.

ही लक्षवेधी आपल्याकडची आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. स्थगन प्रस्ताव इंग्रजांच्या संसदेतून आला, प्रश्नोत्तरांचा तास तिथूनच आला. लक्ष वेधण्याची सूचना मात्र १९५४ साली भारतीय संसदेत जन्मली. सरकारवर ठपका ठेवायचा नाही, मतदान घ्यायचं नाही, पण मंत्र्याला उभं करून बोलतं करायचं, असं ते मधलं हत्यार. वरच्या सभागृहातल्या, म्हणजे आपल्याकडे विधान परिषदेतल्या, माणसाला ते फारच सोयीचं. विधान परिषदेचे ७८ सदस्य सरकार पाडू शकत नाहीत, अविश्वासाचा ठराव त्यांच्या हातात नाही. धनविधेयक आलं तर १४ दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींविना परत पाठवायचं, विधानसभा त्या शिफारशी मानायला बांधील नाही. मग उरतं काय? प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, अशासकीय ठराव, आणि विरोधक असाल तर नियम २८९ चा, कामकाज बाजूला ठेवून चर्चा मागण्याचा प्रस्ताव. तलवार म्यानात आणि पाठीवर बाणांचा भाता, असा तो योद्धा आहे. बाण हा शब्द मी मुद्दाम वापरला.

आता शब्दाकडे. हिंदीवाल्यांनी ह्याच सूचनेला 'ध्यानाकर्षण' म्हटलं. त्यात ओढाताण आहे. बाही धरून कोणीतरी ओढतंय, 'साहेब, जरा इकडे बघा.' मराठीने ओढलं नाही, भोसकलं. वेध म्हणजे भोक पाडणं. 'व्यध्' हा मूळ धातू, त्यावरून विद्ध, वेध. कान टोचण्याच्या संस्काराला संस्कृतात कर्णवेधच म्हणतात. आणि आपल्याकडे एखाद्याचे कान टोचणे म्हणजे काय, ते सांगायला नको. कान सोनारानेच टोचावेत अशी म्हण आहे. म्हणजे लक्षवेधी ही मंत्र्याचे कान टोचण्याची सुई, आणि टोचायला परवानगी देणारे सभापती हे सोनार. (ग्रहणाचे वेध, निवडणुकीचे वेध ह्यांच्याकडे आज वळत नाही. तो एक स्वतंत्र लेख आहे आणि मी तो लिहिणार आहे.)

'लक्ष्यवेधी' लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की संस्कृतात निशाणाला लक्ष्य म्हणतात, म्हणून वेध लक्ष्याचा, म्हणून य हवाच. ह्या मंडळींना अर्ध-शुद्धलेखनवाले म्हणतो मी. ह्यांना संस्कृत शब्दाचं एकच रूप ठाऊक असतं आणि तेवढ्यावर ते गावभर लाल शाई घेऊन हिंडतात. संस्कृतात 'लक्ष' हाही निशाणाचाच शब्द आहे. खूण, निशाण, नेम धरायची वस्तू. शिवाय मराठीने त्याचं पुढे जे केलं ते पाहण्यासारखं आहे. निशाण झाडावर होतं, तिथून ते नेमबाजाच्या डोक्यात शिरलं. ज्याच्यावर नजर खिळते ते लक्ष, आणि मग ती खिळलेली नजर म्हणजेच लक्ष. 'लक्ष दे', 'अभ्यासात लक्ष नाही', 'घराकडे लक्ष असू द्या'. गुजराती आणि कानडी शेजाऱ्यांनीही हेच केलं, हिंदीने केलं नाही. मराठीत आज लक्ष्य म्हणजे साधायचं ते आणि लक्ष म्हणजे अवधान, अशी चांगली वाटणी झालेली असताना सूचनेला य जोडला, तर मंत्र्याचं लक्ष वेधायचं राहून मंत्र्यालाच वेधल्यासारखं होईल. काही आमदारांच्या मनात तसं असेलही. पण नियमांत नाही.

इथवर आलो म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता मला खरं जे सांगायचंय ते.

'लक्ष' हा शब्द ऋग्वेदात कुठे येतो? दुसऱ्या मंडलातलं बारावं सूक्त, 'स जनास इन्द्रः' ह्या पालुपदाचं. त्यात चौथ्या ऋचेत इंद्राचं वर्णन आहे: 'श्वघ्नीव यो जिगीवाँ लक्षमादत्'. जिंकणाऱ्या श्वघ्नीसारखा ज्याने लक्ष उचललं. आता श्वघ्नी कोण? वेदांचे भाष्यकार सायणाचार्य म्हणतात शिकारी, कुत्रे घेऊन हिंडणारा. श्वन् म्हणजे कुत्रा, झालं. सायणाचार्यांबद्दल मला आदर आहे, पण इथे त्यांनी सरळ समोरचं सोडून कुत्र्यामागे धाव घेतली. त्यांच्या कितीतरी शतकं आधी वेदातल्या शब्दांची फोड करणारा यास्क सांगून गेला होता की श्वघ्नी म्हणजे कितव, जुगारी, जो स्वतःचंच धन मारतो. यास्काची फोड ओढूनताणून असेल, अर्थ मात्र बरोबर आहे. मग जिंकलेला जुगारी काय उचलतो? निशाण उचलतो का? पणाला लावलेला माल उचलतो. म्हणजे लक्ष हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तोच जुगाराच्या फडावर.

आणि हा फड कुठे बसायचा? सभेत! दहाव्या मंडलातलं जुगाऱ्याचं सूक्त, चौतिसावं. 'सभामेति कितवः पृच्छमानो जेष्यामीति'. 'जिंकेन का मी?' असं स्वतःला विचारत जुगारी सभेत जातो. सभा ही गावाच्या बैठकीची जागा, आणि फासे टाकायचे तेही तिथेच. पुढच्या संस्कृतात तर जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला 'सभिक' हाच शब्द आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने त्याचा हिस्साही ठरवून दिलाय, कोणाकडून शेकडा पाच, कोणाकडून दहा. हे सगळं धर्मशास्त्र ज्यांनी पाच खंडांत उलगडून दाखवलं ते महामहोपाध्याय काणे राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य होते. सभिक आणि सभापती ह्यांतला फरक त्या सभागृहात त्यांच्याइतका कोणाला कळत असेल? अध्यक्षातल्या 'अक्ष'चा एक अर्थ फासा होतो, हेही मला माहीत आहे. पण तिथला अक्ष डोळ्याचा. एवढा मोह मी आवरतो.

यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत आणखी एक शब्द आहे, 'सभास्थाणु'. स्थाणु म्हणजे खांब. सभा सुटली, दिवे विझले तरी जागचा न हलणारा अट्टल जुगारी. सभेचा खांबच झालेला. सहा वर्षं वरच्या सभागृहात बसून एक प्रश्न नाही, एक लक्षवेधी नाही, फक्त हजेरीपटावर सही, अशा सदस्यांसाठी मराठीत शब्द नाही असं म्हणतात. आहे की. घ्या.

आता विधान भवनातली बोली ऐका. लक्षवेधी 'मांडली' असं वृत्तपत्रं लिहितात. आमदार आणि त्यांचे स्वीय सहायक म्हणतात, 'आपली लक्षवेधी लागली.' कामकाजाच्या यादीत आली, म्हणजे लागली. आणि मंत्र्याची तयारी नसली तर 'राखून ठेवली'. ह्यातलं 'लागली' हे कुठलं? लॉटरी लागते, डाव लागतो, तसं? की बाण लागतो, तसं? माझं मत दोन्हीकडे सारखं झुकतं, आणि ह्या शब्दाच्या पोटात दोन्ही आहेत हाच तर माझा मुद्दा आहे. एका बाजूला पणाचं लक्ष, दुसऱ्या बाजूला निशाणाचं.

आणि ह्या दोहोंना जोडणारा एक मासा आहे.

पाउल थीमे नावाचे मोठे जर्मन वेदपंडित. पाणिनी ज्यांनी पिळून काढला त्यांपैकी एक. त्यांनी १९५० च्या दशकात मांडलं की हा लक्ष मुळात मासा आहे. जर्मनमध्ये सॅमनला लाक्स म्हणतात, लिथुआनियनमध्ये लाशिशा, रशियनमध्ये लोसोस. मध्य आशियातल्या तोखारी भाषेत 'लक्स' म्हणजे नुसताच मासा. थीमे म्हणाले, आर्यभाषा बोलणारे लोक हिंदुस्थानात आले तेव्हा हा मासा मागे राहिला, शब्द मात्र सोबत आला. हे मासे नदीत झुंडीने चढतात, मोजता येत नाहीत, म्हणून लक्ष म्हणजे शंभर हजार, आपला लाख. मोठी पकड म्हणजे मोठं घबाड, म्हणून जुगारातला पण. आणि त्याचं मांस तांबूस, म्हणून लाक्षा, लाख, ज्याच्या बांगड्या होतात ती. एका माशाच्या पोटातून तीन शब्द!

पुढच्या अनेक व्युत्पत्तिकारांनी ह्यावर नाकं मुरडली. साधा 'खूण' हा अर्थ हाताशी असताना एवढ्या लांबच्या थंड नदीत कशाला शिरायचं, असं त्यांचं म्हणणं. नीरस माणसं! अर्थ जुळतो का, हे बघायचं सोडून ह्यांचं नदीच्या तापमानाकडे लक्ष. मला विचाराल तर पुरावा शंभर टक्के नाही, हे मान्य. पण एकदा तो मासा दिसल्यावर मला लक्षवेधीत दुसरं काही दिसत नाही. कारण आपल्याकडे लक्ष्यवेध म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? द्रौपदीचं स्वयंवर. वर फिरता मासा, खाली पाण्यात प्रतिबिंब, अर्जुन. मत्स्यवेध! भरल्या सभेत लक्षाचा वेध, आणि लक्ष म्हणजे मासा. हजारो वर्षांपूर्वी हरवलेला मासा स्वयंवरात पुन्हा वर आला, असं मी एका व्याख्यानात म्हणालोही होतो.

त्या व्याख्यानाला समोर एक गृहस्थ बसले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुन्या हस्तलिखितांवरून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतल्या स्वयंवरात मासाच नाही. आकाशात टांगलेलं एक यंत्र आहे, त्याच्या छिद्रातून पाच बाण मारून सोन्याचं लक्ष्य पाडायचं आहे. मासा पुढच्या कथेकऱ्यांनी घातला. घरी येऊन आदिपर्व काढलं. गृहस्थ बरोबर होते. भांडारकरच्या पंडितांनी माझा मासा पाण्याबाहेर काढून काठावर टाकला होता. तरीही मी म्हणेन, त्या कथेकऱ्यांना लक्ष्य म्हणून पोपट का सुचला नाही, नारळ का सुचला नाही? मासाच का?

महाभारताचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगतो. जुन्या संसद भवनात एक श्लोक लिहिला आहे, उद्योगपर्वातला, विदुराच्या तोंडचा: 'न सा सभा यत्र न सन्ति वृद्धाः'. जिथे वृद्ध नाहीत ती सभा नव्हे, आणि जे धर्माचं बोलत नाहीत ते वृद्ध नव्हेत. वरिष्ठ सभागृहाचे भाट हा श्लोक नेहमी म्हणतात, बहुधा पहिला चरणच. विदुर कुठल्या सभेत होता ते सोयीस्कर विसरतात. फाशांच्याच. तिथे द्रौपदीने तिला बोलवायला आलेल्या प्रातिकामी नावाच्या निरोप्याबरोबर प्रश्न पाठवला होता: राजाने आधी कोणाला हरवलं, स्वतःला की मला? तारांकित प्रश्न होता तो, तोंडी उत्तर हवं होतं. वृद्ध भरपूर होते. भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे. आजचे मंत्री म्हणतात, 'माहिती घेऊन पटलावर ठेवतो.'

अनेकवचनाचं राहिलंच. 'लक्षवेध्या' नको. नदी-नद्या, काठी-काठ्या ह्या वाटेने तो शब्द गेला खरा, आणि विधान भवनाच्या कॅन्टीनमध्ये 'आज किती लक्षवेध्या?' कोणी म्हणालं तर मी चहा खाली ठेवणार नाही. पण लक्षवेधी हे मुळात विशेषण. मागून 'सूचना' गळून पडली आणि ते एकटंच नाम म्हणून हिंडू लागलं. 'वेधी' हे संस्कृतातलं इन्-प्रत्ययान्त रूप असल्याने ते विशेषण म्हणून बदलत नाही: एक लक्षवेधी सूचना, चार लक्षवेधी सूचना. नाम म्हणून वापरायचंच असेल तर दासी-दासी, युवती-युवती ह्यांच्या पंगतीत बसवा. एक लक्षवेधी, चार लक्षवेधी. बाईंनी तो अहवाल लाल शाईने दुरुस्त करून आमदारांना परत पाठवायला हरकत नाही.