चादरीला उलटी बाजू नसते : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : देव सर्वशक्तिमान असेल तर तो दुःख थांबवू शकतो आणि चांगला असेल तर त्याला ते थांबवावेसे वाटायला हवे. तरीही दुःख आहेच. मग दोहोंपैकी काय खोटे मानायचे? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : ही कोंडी एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगितली जाते. ते खरे असेल तर ती ख्रिस्ताच्याही आधीची. वाईट ही देवाने घडवलेली वस्तू नसून चांगल्याचा अभाव आहे, कसर लागून कापडाला पडलेल्या भोकाला स्वतःचे सूत नसते तसा, आणि मिळालेले स्वातंत्र्य मनुष्याने भलतीकडे वळवल्याने तो आला, असे प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनचे उत्तर आहे. खून, लाचखोरी, सावकारी यांना ते पुरते. किल्लारीच्या भूकंपाला पुरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंतींखाली जी तान्ही मुले गेली, त्यांनी कोणते स्वातंत्र्य वापरले होते? भिंती माणसांनी बांधल्या हे मान्य, पण जमीन माणसाने हलवली नव्हती. सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेणा सोसत कण्हते आहे, असे प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात लिहितो. म्हणजे आपण पाहतो ती सृष्टी अजून सुटलेली नाही. देवाच्या सार्वभौमत्वाचा, म्हणजे सर्वांवरील त्याच्या सत्तेचा, अर्थ मी एवढाच घेतो की देवाच्या हाताबाहेर जाऊन कोणतीही गोष्ट अखेरची ठरू शकत नाही. घडते ते सगळे त्याला आवडते, असा अर्थ मला त्यात दिसत नाही. (सगळे देवाच्याच इच्छेने घडते असे मानणाऱ्या, धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेतले बंधू याहून कडक बोलतील.) कोडे एवढ्याने सुटले, असा माझा दावा नाही.

प्रश्न : आमच्या मुलाच्या अंत्यविधीत पाळकांनी सांगितले की आपल्याला चादरीची उलटी, गुंतलेल्या धाग्यांची बाजू दिसते, देवाला सुलटी, नक्षीची. मी तीस वर्षे मागावर जकार्ड चादरी विणल्या आहेत. सोलापुरी चादरीला उलटी बाजू असते कुठे? (यंत्रमाग कामगार, सोलापूर)

उत्तर : आपले म्हणणे बरोबर आहे, आणि हा दृष्टांत मीही सोलापुरातच, विणकरांसमोर, कितीदा तरी दिला आहे याची आता लाज वाटते. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर दिसतो. गुंतलेले, तुटके धागे दिसत नाहीत. आपली चादर मला बायबलमधल्या योसेफाच्या कथेशी अधिक जुळणारी वाटते. भावांनी त्याला विकले. पुढे उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात तो त्यांना म्हणतो की तुम्ही माझे वाईट योजिले, पण देवाने त्यातच चांगले योजिले. कृत्य एकच, हेतू दोन, आणि भावांचा अपराध त्यामुळे रतीभरही कमी होत नाही. मात्र हे वाक्य योसेफ स्वतः बोलला, तेही कित्येक वर्षांनी, दुष्काळ सरल्यावर. तो खड्ड्यात असताना वरून वाकून कोणी त्याला ते ऐकवले नव्हते. आपल्या मुलाच्या पेटीशेजारी एवढे भान राहायला हवे होते.

प्रश्न : यजमानांचे डायलिसिस चालू आहे. मंडळीतल्या भगिनी म्हणतात, घरात कोणाचे तरी पाप लपले असेल. (एक भगिनी, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : नाही. जन्मांधाला पाहून शिष्यांनी हेच विचारले, तेव्हा येशूने त्याचे पापही नाकारले आणि आईबापांचेही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, हेही त्यानेच सांगितले. शेजारी ज्याला पूर्वजन्मीचे भोग म्हणतात, त्यालाच आपल्या लोकांनी नवे नाव दिलेले दिसते. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र आधी सात दिवस, सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट बसले, आणि माझ्या मते तेच त्यांचे सर्वांत चांगले काम होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधले. शेवटी देवाने ठपका ठेवला तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. त्या भगिनींना सांगा की पुढच्या डायलिसिसला चार तास बाहेरच्या बाकावर तुमच्यासोबत बसा. येताना डबा आणला तर उत्तमच.

प्रश्न : देवावर रागावणे पाप आहे का? (नाव नको)

उत्तर : बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्द ‘अंधार’ आहे. तरीही ते प्रार्थनांच्या पुस्तकात ठेवले गेले, आणि त्यातली प्रत्येक ओळ देवालाच उद्देशून आहे.