गायक, पाळक आणि निर्माता, तिन्ही व्हायचंय

नगरहून एका आईंनी लिहिलंय : मुलगा बारावी सायन्सला आहे. रविवारच्या उपासनेत कीबोर्ड वाजवतो, कॉयरची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करतो. त्याला गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणारा गायक, पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू आणि संगीत निर्माता, तिन्ही व्हायचंय. वडील विचारतात, "यातलं पोट कशावर भरणार?"

ताई, ही तिन्ही कामं केलेला एक मोठा माणूस होऊन गेला : जेम्स क्लीव्हलँड. १९३१ साली शिकागोत जन्म. लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये गायला, पुढे इतरांसाठी गाणी बांधली, पियानो वाजवला. त्याचा १९६३चा गाजलेला अल्बम स्टुडिओत नव्हे, न्यू जर्सीतल्या एका चर्चमध्ये, जमलेल्या लोकांसमोर रेकॉर्ड झाला. लॉस एंजेलिसमध्ये स्वतःची मंडळी, म्हणजे स्वतःचं चर्च, त्याने १९७०मध्ये, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर उभी केली. तेव्हा तिन्ही गोष्टी एकाच वेळी धरायचा हट्ट मुलाने सोडावा. आधी संगीत, बाकीचं त्यातून.

निर्मात्याचं शिक्षण त्याच्या चर्चमध्येच सुरू होतं. मोबाइल कीबोर्डपाशी ठेवला की नुसता कीबोर्ड ऐकू येतो, अल्टो, म्हणजे कॉयरमधल्या बायकांचा खालचा सूर, गायब. या रविवारी त्याला मोबाइल चार वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून तेच गाणं रेकॉर्ड करू द्या. कोणाचा आवाज कुठे पुढे घ्यायचा हे ज्याला उमगतं, तो निम्मा निर्माता झालाच. सोबत पेटी-तबलाही शिकू द्या, ना. वा. टिळकांची पदं कीबोर्डच्या तयार ठेक्यावर बसवणं मला तरी पटत नाही.

पदवी मात्र हवीच. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेतला साउंडचा मोठा कोर्स पदवीधरांसाठी आहे. पदवीनंतर बी.डी.चा, म्हणजे पाळक होण्यासाठीच्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीचा, रस्ताही मोकळा राहतो. तिथे बहुतेक ठिकाणी मंडळीचं शिफारसपत्र लागतं. पाळकपण ही नोकरी म्हणून धरू नका. मानधन बेताचं, आणि मयतीपासून लग्नापर्यंत माणूस कधीही दार ठोठावतो. ते पेलेल का, हे त्याने तुमच्या पाळकसाहेबांसोबत घरोघरी फिरून पाहावं.

वडिलांना सांगा, सुरुवातीची मिळकत रेकॉर्डिंग, मिक्सिंग आणि शिकवण्यांतून येईल. आणि गाणी स्वतः रचत असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्यावं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला करारातून काढून घेता येत नाही. कोऱ्या कागदावर सही मात्र कुणाच्याही शब्दावर, अगदी मंडळीतल्या माणसाच्याही, करू नये.