बैठकीत आपल्या जागी एआय अवतार

प्रश्न: अमेरिकेतल्या ग्राहकांसोबत आठवड्याची बैठक रात्री साडेनऊला असते. गणेशोत्सवाच्या आधी नेमकी त्याच वेळी मंडळाच्या नाटकाची तालीम असते. माझ्याऐवजी माझा एआय अवतार बसवता येईल का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: एआय अवतार म्हणजे तुमच्या चेहऱ्याचा आणि आवाजाचा संगणकाने केलेला बोलता नमुना. कामाचा आढावा सांगण्यापुरता तो बसवता येईल. प्रश्नांना उत्तरं द्यायला मात्र बसवू नका. समोरच्याचं ऐकायचं, उत्तर जुळवायचं, त्याचा आवाज करायचा, मग ओठ हलवायचे, यात सहज एक-दोन सेकंद जातात. तेवढ्यात समोरचा पुन्हा बोलू लागतो. त्याहून मोठा धोका म्हणजे ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ असं विचारलं की अवतार ‘हो’ म्हणून मोकळा होतो आणि शब्द तुमचा धरला जातो.

तेव्हा अवताराची दोन मिनिटांची क्लिप करा आणि ती बैठकीत सहकाऱ्याला दाखवू द्या. ज्यावरून अवतार बनतो ते तुमचं मूळ चित्रण करताना कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत, उजेड समोरून, पंखा बंद. बारीक रेघांचा शर्ट नको. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून काही ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (हे पट्टे टाळणारी सेटिंग) 50 हर्ट्झवर ठेवा, शटरचा वेग हाताने लावता येत असेल तर 1/50 किंवा 1/100 सेकंद. वाक्यांच्या मध्ये ओठ मिटून क्षणभर थांबा. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. अवतार फसला तर आधी तिथेच कळतं. अवताराने बोलायच्या मजकुरात आकडे अक्षरी लिहा आणि आपली आडनावं उच्चाराप्रमाणे तोडून.

झूमवर स्क्रीन शेअर करताना ‘शेअर साउंड’ आणि ‘ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप’ दोन्हींवर टिक हवी. पहिली राहिली तर आवाजच जात नाही. दुसरी राहिली तर चित्र अडखळतं, ओठ मागे पडतात.

ग्राहकाला आदल्या दिवशी ईमेलने विचारा आणि क्लिपवर ‘एआय अवतार’ असं ठळक लिहा. यात सूट घेऊ नका. हाँगकाँगमध्ये 2024 साली उघड झालेल्या फसवणुकीत व्हिडिओ बैठकीतले वरिष्ठ बनावट होते आणि कर्मचाऱ्याने सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले होते. न सांगता बसवलेला अवतार उघडा पडला तर ग्राहक तुमच्या खऱ्या चेहऱ्यावरही शंका घेईल.

प्रश्न: मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या व्हिडिओ बैठकीतला कार्टून अवतारही असाच का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: नाही. तो तुमच्याच आवाजावर ओठ हलवतो. टाळ्या, हात वर करणं तुम्हीच बटण दाबून करायचं. कॅमेरा बंद ठेवता येतो, पण बैठकीला तुम्ही हजर हवेच.